येळवसला दुखलं न्हाई

मी लातूरच्या दवाखान्यात गेले ती दुखायलंय म्हणून न्हाई, एक दिवस दुखलं न्हाई म्हणून गेले. हसायचं तर हसून घ्या. तिथं नावं लिहून घेणारी बाईबी हसली. काय होतंय म्हणून तिनं इचारलं, तर मी म्हणलं, तीन वर्षांत एक दिवस कायबी झालं न्हाई, ते का म्हून झालं न्हाई एवढं डॉक्टरीणबाईला इचारायचंय. तिनं माझ्या सुनेकडं बघितलं. सून भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघत बसली होती.

माझं नाव गुणाबाई. औशापासून आत, जिथं यस्टी आली तर आली, तिथं आमचं घर. मालकाचं नाव रामलिंग. एरवी मी त्येंचं नाव घेत न्हाई, पर गोष्ट सांगताना कोण धरतंय. लेक शिवम औशाच्या मोंढ्यात, म्हंजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर कामाला जातो. सून ऋतुजा, अहमदपूरकडची, बारावी झालेली, कामाला वाघीण आन बोलायला कमी. मी बोलायला लई, हे मला इचारायची गरज न्हाई, गाव सांगल.

तर तीन वर्षांमागं सोयाबीनचं भरलं पोतं सरकवताना माझ्या कंबरेत कळ निघाली. उसण भरली म्हणलं, जाईल. गेली न्हाई. मंग तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. आमच्यात पायाकडनं जन्मलेल्या, पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाती म्हणतात, म्हणून गल्लीतली धोंडाबाई आली, ती पायाळू. तिनं असा जोर लावला की तिचाच पाय मुरगळला आन ती आठ दिवस लंगडत मलाच शिव्या देत फिरली. शेवटी एका डॉक्टरनं फोटो काढायला लावला, उजेडापुढं धरला आन म्हणला, मणक्यात गॅप हाय. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई, आराम करायचा.

हा गॅप आमच्या घरात पाव्हण्यासारखा आला आन मुक्कामाला राहिला. मालकानं माझी बाज ओसरीला आणून टाकली. शिवमनं उशा आणल्या. ऋतुजानं माझ्या हातातलं एकेक काम काढून घेतलं: आधी म्हशींच्या धारा, मंग शेण, मंग भाकरी. दावणीला दोन म्हशी हायत, दोन्ही हातानंच पिळायच्या. पाण्याचा तांब्या उचलला तरी पोरगी पळत यायची, “आत्या, ठिवा, गॅप हाय.” गावातल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस गं, सून काडी उचलू देत न्हाई. मलाबी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पर दुखणं काय कमी झालं न्हाई. उलट कंबरेतलं मानेत चढलं, मानेतलं पायात उतरलं. बाजेवर बसून बसून मला दुसरं कामच न्हवतं, दुखणं राखत बसायचं, कुठनं निघतं, कुठं जातं.

एक गोष्ट मात्र रोजची होती. सकाळी ऋतुजा चहाचा कप बाजेपाशी ठेवायची आन इचारायची, “आज कसं हाय, आत्या?” मी सांगायची. ती ऐकायची. कपाळाला आठी न्हाई, घाई न्हाई. त्या पोरीला माझं दुखणं खरं वाटतंय, ह्याच्या जोरावर मी दिवस काढत होते, हे मला तवा कळलं न्हाई, पुढं कळलं.

आता येळवस. जे आमच्या भागातले न्हाईत त्येंच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडं गावात माणूस राहत न्हाई, सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्येंची पूजा करायची, मंग उभ्या पिकाला फेरा मारत आंबील शिंपडायची. आन खायला भज्जी. भज्जी म्हंजे तुमचे ते कांद्याचे भजे न्हवं. हरभऱ्याचा पाला, तुरीचे सोले, वटाणा, शेंगा, जे रानात हाय ते सगळं शिजवायचं आन आंबट ताकात बेसन कालवून वर घोटायचं. घोटण्यातच सगळं हाय. हात थांबला की गुठळ्या.

पहाटं ऋतुजा चुलीपुढं बसली होती, मी बाजेवर. आधीच मी तिच्यावर चिडलेली. पोरगीच्या उजव्या हातात एकबी बांगडी न्हवती. सणाच्या दिवशी भरल्या घरातली सून मोकळ्या हातानं बसती का? मी तसं बोलले. ती उठली, बांगड्या चढवून आली. आन मंग घोटायला लागली तर असं घोटती की मला बघवंना. जरा ह्या हातानं, जरा त्या हातानं, मधीच थांबती. गुठळ्या झाल्या. तीन वर्षांचा माझा गॅप गेला चुलीत. मी उठले, डाव तिच्या हातातनं वढून घेतला आन म्हणलं, सरक.

एकदा डाव हातात आला की मंग काय. सगळी भज्जी मी घोटली. आंबील हालवली. जेवणाची पाटी डोक्यावर मीच घेतली, मालक नको नको म्हणत मागं. रानात गेल्यावर कोप झाडली, पांडव मांडले, पाव्हण्यांना वाढलं. मालक आंबील शिंपडत “ओलगे ओलगे सालम पोलगे” म्हणत पिकातनं चालले, तर त्येंच्या मागं मीबी सगळ्या रानाला फेरा मारला. हरभरा गुडघ्याला लागत होता. तीन वर्षांत मी माझं रान बघितलं न्हवतं. मला लई आनंद झाला, रडू आलं एवढा झाला. आन कंबर? कंबर हाय का न्हाई हेच मला दिवसभर ठाव न्हवतं.

ते ठाव झालं जेवणाच्या पंगतीत. माझी थोरली जाऊ सरजाबाई, शेजारीच घर, शेजारीच रान. तिनं भज्जीत भाकर बुडवली आन सगळ्यांदेखत गोडीनं म्हणली, “गुणाचं दुखणं लई शाणं हाय बाई. कामाच्या दिवशी येतं, सणाला सुट्टीवर जातं.”

पंगत हसली. मीबी तिला चार सुनवल्या असत्या, माझ्या तोंडाला कोण हात लावतंय. पर माझी नजर ऋतुजाकडं गेली. ती वाढायली होती. ती हसली न्हाई. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं आन मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी बाजेवरनं उठूच शकले न्हाई. कुशीवर वळायचं तर जीव जायला लागला. हे बघायला सरजाबाई आली न्हाई. ऋतुजा आली. चहाचा कप ठेवला आन गेली. काय इचारलं न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिवशीबी न्हाई. चहा वेळेवर, भाकर वेळेवर, गोळी वेळेवर, पर “आज कसं हाय” हे बंद. मी मुद्दाम कण्हून बघितलं. घागर घासायचा आवाज तेवढा वाढला.

आन खरं सांगू? मला तिचा राग आला न्हाई, मलाच माझी शंका आली. गॅप तर हाडात हाय म्हणतात. हाड काय सण बघतं का? येळवसला गॅप बुजला आन दुसऱ्या दिवशी परत पडला, असं कुठं असतंय? मंग मी तीन वर्षं पोरीला राबवली ती कशापायी? रात्रंदिवस हेच. शेवटी मी मालकाला म्हणलं, मला लातूरला घेऊन चला, निस्ता दुखण्याचाच दवाखाना निघालाय म्हणतात बार्शी रोडला. मालकाला रानात पाणी द्यायचं होतं, शिवमला मोंढ्यात सोयाबीनची आवक. मंग ऋतुजाच आली. औशापर्यंत टमटम, पुढं यस्टी. ती खिडकीपाशी बसली आन सगळ्या वाटंनं उसाचे ट्रॅक्टर बघत आली.

डॉक्टरीणबाई तरुण निघाली. नाव बुद्धप्रिया, गाव नांदेडकडलं उमरी. मला वाटलं होतं फोटो बघंल, गोळ्या लिहील, पुढचा. तिनं फोटो बघितला, बाजूला ठेवला आन हनुवटीला हात लावून बसली. मी म्हणलं, बाई, मला एक चिठ्ठी लिहून द्या, की गुणाबाईचं दुखणं खरं हाय. मला ती एका बाईच्या तोंडावर मारायचीय. जावेचं नाव मी घेतलं न्हाई, आन दुसरी जी बाई माझ्या शेजारी बसली होती तिचं तर न्हाईच न्हाई.

डॉक्टरीण म्हणली, चिठ्ठीचं मागून बघू, आधी त्या दिवसाचं सांगा. माझ्याकडं कधी दुखतं, कुठं दुखतं हे सगळे सांगतात. कधी दुखत नाही हे सांगायला तुम्हीच आलात. आन येळवस म्हणजे नेमकं काय, आमच्या उमरीकडं एवढी नसते.

घ्या. माझ्यापुढं येळवस काढली तिनं. मी सुरू झाले. कोप कशी बांधत्यात, तिचं तोंड कुठं करत्यात, आंबील आदल्या दिवशी का कालवत्यात. तिला सगळंच नवल. पांडव कसे मांडतात हे तिला कळंना, म्हणून मी तिच्या टेबलावरचा कागद दाबायचा काचेचा गोळा घेतला, शिवमनं आणून दिलेली माझी पाण्याची बाटली घेतली, ऋतुजाच्या पिशवीतला डबा घेतला आन खाली फरशीवर वळीनं मांडले. असा हा धर्म, असा हा भीम, आन असं वाकून हळद-कुंकू लावायचं.

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढं सरकली. तिनं निस्तं बघितलं. मी फरशीपर्यंत वाकलेली होते. दोन्ही हात खाली टेकलेले. आन मला आठवलं, गॅप हाय. आठवलं तशी कळ निघाली, अशी की डोळ्यांपुढं अंधारी आली. ऋतुजा उठून आली आन दोघींनी मला खुर्चीत बसवलं.

“वाकताना दुखलं का?” डॉक्टरीणबाईनं इचारलं.

मी इचार केला. “वाकताना न्हाई. आठवल्यावर दुखलं.”

मला माझीच शरम वाटली. झालं, आपल्याच तोंडानं आपण खोटं ठरलो. ऋतुजानं एवढ्या वेळात पहिल्यांदाच तोंड उघडलं. तिनं इचारलं, “म्हंजे ह्येंचं दुखणं मनाचं हाय का, मॅडम? खरं न्हाई?”

मी कानावरचा पदर मागं सारला. एवढ्यासाठीच तर मी आले होते.

डॉक्टरीणबाई ऋतुजाकडं वळली. ती म्हणली, दुखणं खरं आहे. आत्ता त्यांचा चेहरा बघितला ना, कुणाला असं करून दाखवता येत नाही. पण खरं दुखणं म्हणजे दर वेळी आत काहीतरी मोडलेलं असतंच असं नाही. मंग तिनं मला इचारलं, रानात कुत्रं आहे का. मी म्हणलं, न्हाई. ती हिरमुसली. मी म्हणलं, जावेचं हाय, सांगा त्याच्यावर.

तर तिनं असं सांगितलं. रानात एकदा चोरी झाली की कुत्रं बिथरतं. मंग पान पडलं तरी भुंकतं, वारा आला तरी भुंकतं. भुंकणं खरंच असतं, झोपमोड खरीच होते, फक्त चोर नसतो. कंबरेची पहिली इजा केव्हाच भरून आली. राखण करणारं कुत्रं मात्र तसंच राहिलं. त्यात तुम्हाला कुणी सांगितलं की गॅप आहे, हलू नका. म्हणजे घरातले सगळेच काठ्या घेऊन जागत बसले, मग कुत्रं कसं निजेल? येळवसला ओळखीची माणसं, ओळखीचं काम, मन खूश. ते पडून राहिलं. आणि तीन वर्षं बसलेल्या अंगानं एका दिवसात सगळं रान तुडवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुप्पट भुंकणारच.

मी म्हणलं, आन गॅप? ती म्हणली, तुमच्या वयाच्या बायकांचे फोटो काढत बसले तर कितीतरी जणींच्या मणक्यात तो दिसेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणी आत्ता खुरपायला गेलेल्या असतील. केस पिकतात, तसे मणके झिजतात. पायातली ताकद गेली, लघवीवर ताबा राहिला नाही, वजन उतरायला लागलं, तर मात्र धावत यायचं, ते कुत्र्याचं नव्हे. तसं तिनं मला नीट तपासलंबी, हातोडीनं गुडघे ठोकले, पायाला टोचून बघितलं. तसं काय निघालं न्हाई.

मला तर लई नवल वाटलं. पन्नास वर्षं मी हे अंग वापरायलेय आन त्याच्या आत कुत्रं हाय हे मला आज कळलं. मी तिला धडाधडा इचारत सुटले. मंग पाऊस आला की जास्त का दुखतं? पाव्हणा नावडता आला की मान का धरती? ती एकेकाचं सांगायची, आन काही वेळा म्हणायची, हे मलाही नीट माहीत नाही. ते मला आवडलं.

इलाज सांगितला तो साधा होता आन मला अजिबात पटला न्हाई. रोज थोडं काम, थोडं चालणं. बऱ्या दिवशी जोर आला म्हणून जास्त करायचं न्हाई, आन वाईट दिवशी दुखतंय म्हणून सगळं बंद करायचं न्हाई. आठवड्याला जरा जरा वाढवायचं. गोळ्या ती सांगंल तशा कमी करायच्या. दुखणं एकदम जाईल असं मी म्हणत नाही, ती म्हणली, पण तुमचं घर तुमच्या हातात परत येईल.

उठताना मी परत चिठ्ठी मागितली. तिनं मान हालवली. “दुखणं खरं आहे असा दाखला कुठल्याच डॉक्टरला देता येत नाही, आजी. ज्याचं त्यालाच कळतं. बाकीच्यांनी मानायचं असतं, एवढंच.”

हे ती मला म्हणली, पर बघत ऋतुजाकडं होती. ऋतुजानं पिशवी उचलली, डाव्या हातानं. परतीच्या वाटंलाबी ती खिडकीबाहेरच बघत आली. मला वाटलं, एवढी कुत्र्याची गोष्ट ऐकून पोरीला पाझर फुटंल. कशाचं काय. दुसऱ्या दिवशी चहा आला, सवाल आला न्हाई.

मी हट्टानं कामाला लागले. पहिल्यांदा दोन भाकरी थापायच्या आन उठायचं. मंग वेशीपर्यंत चालायचं. दुखायचं, मी म्हणायची, भुंक बाबा, चोर न्हाई. शेजारणी म्हणायच्या, गुणाबाई एकटीच बोलती, डोक्यावर परिणाम झाला. आन एक खोड लागली मला. डॉक्टरीणबाईनं इचारलेला सवाल मी सगळ्यांवर लावून बघायला लागले: कधी दुखत न्हाई? मालकाचा गुडघा पंचायतीच्या पारावर बसलं की दुखत न्हाई, उठून घरी यायचं म्हणलं की दुखतो. धोंडाबाईचं डोकं सून माहेरी गेली की थांबतं. हे बघायला लई मजा येती, तुम्हीबी बघा आपापल्या घरात.

संक्रांत झाली आन मला सांजच्या वेळी गोठ्यात जाऊन बसायची मुभा मिळाली, माझी मीच दिलेली. ऋतुजा धार काढायली होती. मी दाराआडनं बघायले, निस्तं बघायची सवय लागलेली म्हणून. ती डाव्या हातानं पिळायली होती. उजवा हात मांडीवर उलटा पडलेला. दुसऱ्या बाजूचे सड आले तवा तिनं उजवा हात लावला, ओठ दाताखाली धरला आन डोळे मिटले. मनगटाला पदराची चिंधी बांधलेली. बांगडी एकबी न्हाई.

माझ्या डोळ्यांपुढं ती पहाट आली. ह्या हातानं, त्या हातानं, मधीच थांबती. आन मी तिला वरनं बांगड्या भरायला लावल्या होत्या, त्या दुखत्या मनगटावर.

मी जवळ गेले आन इचारलं, हाताला काय झालंय. ती म्हणली, काय न्हाई. मी म्हणलं, ऋतुजा. तिनं चरवी बाजूला ठेवली.

“वर्ष झालं,” ती म्हणली. “आंगठ्यापासनं कळ येती ती कोपरापर्यंत. बांगडी लागली तरी जीव जातो.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“घरात एक दुखणं होतंच की, आत्या. दुसरं कुठं ठिवायचं?”

मी हे लिहून घेतल्यासारखं ऐकलं, अजून तसंच्या तसं याद हाय. मंग ती रडली. मोठ्यानं न्हाई, म्हशीच्या अंगाला डोकं टेकवून. म्हणली, येळवसला तुम्ही सगळ्या रानाला फेरा मारायला लागलाव, तवा मला वाटलं, झालं, माझा हात फुकट गेला. मी ह्येंच्या दुखण्यापायी हात घालवला आन ह्येंना तर दुखतच न्हवतं.

माझ्यापाशी जवाब तयार होता. कुत्रं, चोर, गॅप, सगळं. मी त्यातलं एक अक्षर काढलं न्हाई. मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आन इचारलं, “कधी दुखत न्हाई?”

तिनं मनगटाची चिंधी नीट केली. मंग घाबरत घाबरत म्हणली, “माहेरी गेले की न्हाई दुखत.”

येळवसच्या आधी हे ऐकलं असतं तर मी काय म्हणले असते ते मला ठाव हाय, तुम्हालाबी ठाव हाय. मी म्हणलं, “खरंय. तसंच असतंय.” आन चरवी माझ्याकडं वढून घेतली.

तिला घेऊन मी परत लातूर गाठलं. ह्या खेपेलाबी ती खिडकीपाशीच बसली, पर सगळ्या वाटंनं माझ्याशी बोलत आली. मी डॉक्टरीणबाईला सांगितलं, हिच्याबी हातात कुत्रं हाय, हिलाबी रोज थोडं थोडं वाढवून द्या. ती हसली, मला म्हणली थांबा. ऋतुजाला आंगठा मुठीत धरायला लावला आन मूठ खाली वाकवली. पोरगी खुर्चीतनं उठलीच. डॉक्टरीण म्हणली, इथं चोर आहे, आजी. आंगठ्याची शीर सुजलीय, पिळून पिळून. दुखणी सगळी खरी, पण सगळ्यांचा इलाज एक नाही. तुमचं काम वाढवायचं, हिचं थांबवायचं. माहेरी का दुखत नाही त्याला तर कोडं नको, तिथं हिला धारा कोण काढायला लावतं?

मी कपाळावर हात मारला. मंग मलाच हसू आलं. ऋतुजाच्या हाताला आंगठ्यापर्यंतचा पट्टा आला आन म्हशी घरात वाटल्या गेल्या. एक मालकानं धरली, दुसरी सकाळी शिवमनं, सांजला मी. शिवमला म्हशीनं पहिल्या दिवशी चरवीसकट लोळवला.

आता सरजाबाईला हे बघवणार कसं. शिवमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, त्यानं चुलतीला सगळं सांगून ठेवलेलं. एका सांजला मी धार काढून आले, कंबर ठणकायली होती, दारात ही उभी. म्हणली, काय गं गुणा, सून बसून आन सासू गोठ्यात, उलटीच तऱ्हा तुमच्यात. आन घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणली, “माहेरी गेली की हात दुखत न्हाई म्हणं तिचा.”

आत भांड्याचा आवाज थांबला. मला दिसत न्हवतं, पर ऋतुजानं मान खाली घातली असंल हे मला कळलं.

“न्हाई दुखत,” मी म्हणलं. “मलाबी येळवसला न्हाई दुखलं.”

सरजाबाईला तिच्या चुलीची आठवण झाली आन ती गेली. मी ओसरीला बाजेवर टेकले. ऋतुजा चहा घेऊन आली, डाव्या हातात कप, उजव्याला पट्टा. कप ठेवला आन उभी राहिली, गेली न्हाई.

“आज कसं हाय, आत्या?”

“दुखायलंय जरा,” मी म्हणलं. “तुझं?”

“माझंबी.”

मी बाजेवर सरकून तिला जागा केली. आत जाऊन तिनं आपलाबी कप आणला, आन आम्ही दोघींनी चहा पिला.